पाणी मागितलं आणि काकवी आली

मी "पानी, पानी" म्हणून ओरडले आणि कुसुमा काकवी घेऊन आली.

आमचे हे बालवाडीच्या ओट्यावर आडवे पडले होते. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. आमची मुलगी शलाका "बाबा, बाबा" करत त्यांचे गाल थोपटत होती. मला वाटलं, ऊन लागलं. इतकी वर्षं दिल्लीत काढल्यावर घराबाहेर तोंडातून हिंदीच निघतं, तसं ते निघालं. श्रीलंकेच्या खेड्यात हिंदी कोणाला कळणार? पण तिथल्या सिंहली भाषेत 'पॅणी' म्हणजे काकवी. बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या कुसुमाला तेच ऐकू आलं. ती स्वयंपाकघरात धावली आणि बाटली घेऊन आली.

"अगं हे काय? पाणी! पीने का पानी!" मी तिच्यावर खेकसले.

"पॅणी, अक्का, पॅणी," असं म्हणत तिने बाटली माझ्या हातात कोंबली.

प्रेत विमानाने नेता येतं का, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. रडू आलं नाही. खरं तेच लिहिते.

तिथे का गेलो ते सांगायला हवं. शलाका गुडगावला एका कंपनीत आहे. तिची कंपनी काही लोकांना आठवडाभर परदेशातल्या एखाद्या खेड्यात कामाला पाठवते. घरच्यांना आपल्या खर्चाने बरोबर जाता येतं. "आई, काम संपल्यावर दोन दिवस समुद्रावर राहायचंय," असं ती म्हणाली तेव्हा मी हो म्हटलं. सेवेसाठी नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, आणि दिल्लीत सगळं मिळतं, समुद्र मिळत नाही. ह्यांना मात्र सेवाच करायची होती. सरकारी नोकरी संपली, आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं, आम्ही दिल्लीतच द्वारकेला आलो. तेव्हापासून ह्यांना कोणी काम सांगितलेलं नाही.

सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन ह्यांच्यासाठी दोन सुती शर्ट घेतले आणि निघालो. विमानात ह्यांनी हट्टाने खिडकी घेतली आणि झोपून गेले.

कोलंबोहून बसने रत्नपुराच्या पुढे गेलो. गाव रबराच्या झाडांत बसलेलं. प्रत्येक झाडाला चीर दिलेली आणि खाली करवंटी बांधलेली, तिच्यात पांढरा चीक ठिबकत असतो. जमीन ओली, आणि जळवा फार. पहिल्याच दिवशी शलाकाच्या घोट्याला एक चिकटली. ती अशी किंचाळली की गावातली कुत्री उठली. कुसुमाने लिंबू चोळून जळू सोडवली आणि म्हणाली, "नंगी, नंगी, बय वेन्न एपा."

ह्यांचा चेहरा उतरला. "काय म्हणतेय ही? कोणाला?"

शलाकाने फोनमध्ये बघून सांगितलं, नंगी म्हणजे धाकटी बहीण. घाबरू नकोस, असं ती सांगत होती. अक्का मात्र तिथेही अक्काच, थोरली बहीण. त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून ते गाव फारसं परकं वाटलं नाही. ह्यांना वाटलं. कुसुमाने शलाकाला हाक मारली की हे खोकायचे.

काम होतं बालवाडी रंगवायचं. माझे गुडघे शिडीवर चढण्यातले नाहीत, म्हणून मी कुसुमाच्या स्वयंपाकघरात बसले. तिथे आपल्या विळीला असते तशी खोवणी, पण पात्याशिवाय, नुसत्या लाकडी बैठकीला बसवलेली. तिला 'हिरमणे' म्हणतात. मी नारळ खोवायला घेतले. कुसुमाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आणखी नारळ पुढे ढकलले. मला ते आवडलं. पाहुण्यासारखं बसवून ठेवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दिल्लीला निघाले असते.

"आई, याला आपल्याकडे काय म्हणतात?" शलाकाने दारातून विचारलं.

"खोवणी."

"अच्छा. मला वाटायचं विळीचाच पार्ट आहे."

"मग पार्टला नाव नसतं का? तू हात आहेस की शलाका आहेस?"

बाहेर हे रंगवत होते. भिंतीवर हत्ती काढायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. मला ती म्हैस वाटली. मुलं बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग भुंकायला लागली. हे रागावले नाहीत, सोंड वाढवत बसले. इतकं खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

जेवायला लाल तांदळाचा भात, कोवळ्या फणसाची भाजी आणि पोल सांबोल (ओलं खोबरं, मिरची आणि लिंबू एकत्र कुटलेलं). वेंगुर्ल्याची माझी आई ते जेवण जेवली असती आणि मीठ कमी म्हणाली असती. शेवटी म्हशीचं दही आणि त्यावर कितूळ नावाच्या माडासारख्या झाडाच्या रसाची काकवी, तीच 'पॅणी'. ह्यांना साखरेचा आजार, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागते, म्हणून त्यांना दही नुसतंच. "बघ, इथे पाणीसुद्धा गोड, आणि मला तेही बंद," असं ते म्हणाले. आम्ही हसलो. हा शब्द मला ठाऊक होता, तरी गरजेच्या वेळी मी पानीच म्हटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी रंगवलेल्या बालवाडीत दान होतं. म्हणजे बौद्ध भिक्खूंना बोलवून जेवू घालायचं. ते जेवल्यावर बाकीच्यांनी खायचं. दुधात शिजवलेला भात वड्या पाडून केळीच्या पानावर मांडला होता. भिक्खू लांबच्या विहारातून यायचे होते, त्यांना उशीर झाला. सगळं गाव पांढरे कपडे घालून बसलं होतं. हे बसले नाहीत. बाकं उचल, पाण्याच्या बादल्या आण, असं चाललं होतं. मी स्वयंपाकघरात होते. ह्यांच्या पडण्याचा आवाज ऐकून मी बाहेर आले.

तर बाटली माझ्या हातात होती आणि मी चिडले होते. दुसरा हात ह्यांच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार. ऊन लागलेला माणूस तापतो, हा गार पडला होता.

"शलाका, बाबांनी सकाळची सुई घेतली?"

"हो, मीच दिली. नेहमीच्या वेळेला."

"खाल्लं काय?"

तिने केळीच्या पानांकडे पाहिलं, भाताला अजून कोणी हात लावला नव्हता.

मग काही विचारायचं उरलं नाही. ह्यांना कुशीवर वळवलं. काकवी बोटावर घेतली आणि गालाच्या आतून, हिरड्यांना चोळली. घशात ओतली नाही, ठसका लागला असता. पुन्हा बोट, पुन्हा बाटली. कुसुमाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तिच्या पांढऱ्या साडीवर काकवीचे ओघळ आले. भिक्खू तेवढ्यात आले होते आणि दारात थांबले होते. कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने ह्यांनी माझं बोट चावलं. मी जोरात शिवी दिली. मराठी होती, कोणाला कळली नसावी.

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी सलाइन लावलं आणि शलाकाला सांगितलं की साखर फार उतरली होती, आधी गोड पोटात गेलं म्हणून बरं. संध्याकाळी हे उठून बसले.

"बिस्कीट तरी मागायचं होतं," मी म्हटलं.

"सगळे भिक्खूंसाठी थांबलेले. त्यांत मी एकटा कसा मागणार? बरं दिसत नाही."

"मेला असतात म्हणजे फार बरं दिसलं असतं. भिक्खू आलेच होते, मंत्रही लगेच झाले असते."

शलाका रडत रडत हसली. हे हसले नाहीत.

दवाखान्यातून सोडल्यावर ठरल्याप्रमाणे नेगोंबोला, समुद्रावर गेलो. ह्यांनी खुर्चीतून उठायचं नाही, असं शलाकाने बजावलं होतं. उथळ पाण्यात अरुंद होड्या चौकोनी शिडं लावून परत येत होत्या, किनाऱ्यावर मासे वाळत होते. वास ओळखीचा. मी साडी वर खोचून पाण्यात उभी राहिले आणि मग ह्यांच्याजवळ वाळूत बसले.

"मी गेलो असतो तर काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"शलाकाला रडू दिलं असतं. मग पासपोर्ट शोधले असते."

"आणि घरी?"

"दोन पोळ्या कमी लाटल्या असत्या."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "तीन. रात्री मी तीन खातो."

मी कुसुमाचा विचार करत होते. निघताना तिला साडी देऊ केली, तिने घेतली आणि मला काकवीची बाटली दिली. आम्ही एकमेकींचे आभार मानले नाहीत, तेवढी भाषा नव्हती. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस बेशुद्ध पडलाय आणि त्याची बायको काकवी मागतेय. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं, बाई, आता काकवी कशाला? कुसुमाने विचारलं नाही. मागितलं म्हणून धावली. आम्ही तिच्या गावाला मदत करायला गेलो होतो, पण तिथे काय हवं आहे हे आम्ही दिल्लीतच ठरवून गेलो होतो. रंग कोणी मागितला होता का, मला माहीत नाही. आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही बरं दिसलं नसेल.

द्वारकेला परत आल्यावर शेजारच्या बाई चहाला आल्या. "सेवा करून आलात म्हणे. कसं वाटलं?"

"भिंत रंगली," मी म्हटलं.

"आणि साहेबांचं काहीतरी झालं होतं ना?"

साहेब आत पेपर वाचत होते. मी म्हटलं, साखर उतरली होती. ते जगले.