तिसरा वाचक

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-पुस्तकं आली तेव्हा सगळे म्हणाले, आता नीलव्वांना काय काम? त्या शिपाई, वीस वर्षं पुस्तकं वाहिलेल्या. पण काम उलट वाढलं. एक ई-पुस्तक एका वेळी तिघांनाच उघडतं, चौथ्याला नकार. आणि आमची पोरं म्हणजे पुस्तक उघडं टाकून चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला पसार! मग नीलव्वा कँटीनच्या दारातून ओरडायच्या, "आधी पुस्तक बंद करा रे, मग खा!"

त्या दिवशी चौथी मी होते. पाचपर्यंत प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती, आणि एक संदर्भ तपासायचा राहिला होता. छापील प्रत वाळवीनं खाल्लेली. ई-पुस्तक वाचणारे दोघं समोरच बसले होते, त्यांनाही आजच घाई. तिसरा कोण, ते काही कळेना.

नीलव्वांनी मला तासभर कँटीन, वसतिगृह, झाडाखालचे बाक असं सगळीकडे फिरवलं. साडेचार झाले तशी मी रडायलाच लागले.

"चल," त्या म्हणाल्या, आणि थेट इतिहास विभागात बेल्लद सरांच्या खोलीत शिरल्या. ई-पुस्तक म्हणजे फोटोतलं जेवण, असं वर्गात म्हणून हसवणारे ते हेच सर! पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावर बोराएवढी अक्षरं.

"नीलव्वा, दार वाजवायची पद्धत असते."

"पुस्तक बंद करायचीही असते, सर."

सर ओशाळले. "अक्षरं मोठी करायला तुम्हीच शिकवलंत, आणि आता बंद करायलाही तुम्हीच आलात?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "छापलेलं आता दिसत नाही गं."

म्हणजे नीलव्वांना पहिल्यापासून ठाऊक होतं! सरांची झाकली मूठ राखायला मला उन्हात पळवलं. असा राग आला मला! पण सरांनी खुर्ची सरकवली. "बंद कशाला? बस इथंच. कुठलं पान?"

पाचला दहा कमी असताना प्रबंध कचेरीत पोचला.

सोमवारी सरांनी भर वर्गात आपल्या डोळ्यांचं सांगून टाकलं, आणि अक्षरं मोठी करायला कोणी शिकवलं तेही. दुपारी ग्रंथालयात गेले तर नीलव्वांपुढे दोन म्हातारे प्राध्यापक चष्मे पुसत उभे होते.

"रांगेत या," नीलव्वा त्यांना सांगत होत्या.