माझी बाळंतरजा

पोरगी झाली तेव्हा आमच्या घरात बाळंतपणाची रजा दोघांना मिळाली. बायकोला दोन महिने, कारण इथे दुबईत कायदा तसा आहे. आणि मला चार महिने, कारण मी ज्या ऑफिसात चहा करतो त्याचं हेड ऑफिस युरोपात आहे. जिने पोर काढलं तिला दोन, आणि जो हॉस्पिटलात चक्कर येऊन पडला, ज्याच्यासाठी नर्सला बाळंतीण सोडून धावत यावं लागलं, त्याला चार.

आता मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत शाळेत गेलो. पाचवीच्या मास्तरांनी मी वर्गात येणार हे ऐकून बदली मागून घेतली, असं आमच्या खेडकडे अजून सांगतात. बायको मात्र बारावी पास. अल मनखूलला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. लग्न जमवताना मध्यस्थाने माझं काम 'दुबईत युरोपियन कंपनी, पँट्री डिपार्टमेंट' असं सांगितलं होतं. पँट्री म्हणजे चहाची खोली हे तिला इथे आल्यावर कळलं. तोवर मंगळसूत्र पण झालं होतं आणि तिच्या व्हिसाचा स्टॅम्प पण.

तो व्हिसाच सगळ्याच्या मुळाशी. माझ्या पगारावर बायकोचा व्हिसा निघत नाही. ती इथे आहे ती तिच्या दवाखान्याच्या जोरावर. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की ती पोरीला काखेत मारून गावाला, आणि मी इकडे फोनवर 'बाबा बोल, बाबा बोल' करत बसणार. म्हणजे दोन महिने संपले की तिने दवाखान्यात हजर व्हायलाच पाहिजे. तिच्या जागी एक मुलगी टेम्पररी घेतली होती. टेम्पररी हा शब्द गल्फमध्ये किती दिवस टेम्पररी राहतो ते इथे राहिलेल्यांना विचारा.

पोरीला सांभाळायचं कोणी? माझ्या आईला विमानाची भीती, सासूबाईंना माझी. पाळणाघराची फी ऐकून बायको म्हणाली, "त्यापेक्षा तिथे मलाच कामाला घेतायत का विचारा."

अशात एक दिवस ऑफिसात मॅडमने केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडम युरोपातली, एचआर बघते. ऑफिसबॉयला केबिनमध्ये बोलावून दार लावलं की त्याचा अर्थ एकच, खलास. मॅडम हसत होती, तर मी आणखी घाबरलो. इथे काढताना हसून काढतात.

ती म्हणाली, "आमच्याकडे बाळ झालं की बाप पण घरी राहतो. आईने एकटीनेच का सगळं सोडायचं? कंपनीचा नियम सगळीकडे सारखा. डायरेक्टरला जो, तोच तुला. चार महिने येऊ नकोस."

मला एवढंच ऐकू आलं. चार महिने येऊ नकोस.

"मॅडम, मैंने क्या किया?"

"तू बाप झालास."

"सॉरी मॅडम," मी म्हटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आमचं घर म्हणजे इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमधली एक खोली. हॉलमध्ये साताऱ्याचा एक भाऊ राहतो, एसी मेकॅनिक. मधे प्लायवूड. कुजबूज करायला गेलो तरी पलीकडून सल्ला येतो. बायकोने ऐकलं आणि पोरीला छातीशी धरून देवाचं नाव घेतलं.

"पगार देणार?"

"पूर्ण."

"मग तोंड का असं? मी कामाला जाते, तुम्ही पोरीकडे बघा. सुटलो आपण."

"अगं, चार महिने माझी खुर्ची रिकामी ठेवतील का?"

"तुम्हाला खुर्ची कुठाय? तुम्ही उभे असता."

प्लायवूडपलीकडून भाऊ हसला.

मी म्हटलं, "पगार देऊन घरी बसवतात म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. माझ्या जागी माणूस आणतील. तो आवडला तर?"

तेव्हा तिने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "माझ्या जागी आणलीय ना एक. रोज डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहते. सातव्या महिन्यापासून मला झोप नाही. तुम्ही कधी विचारलंत?"

"मला वाटलं ॲसिडिटी आहे."

खरंच वाटलं होतं. मी ऑफिसमधून तिच्यासाठी इनोच्या पुड्या आणायचो.

तर रजा घेतली. माझ्या जागी केरळचा एक काका आला, डोक्याला टक्कल, वागायला गरीब. त्याला काम शिकवताना मी एक हुशारी केली. मोठ्या साहेबांना बिनसाखरेचा चहा लागतो. मी काकाला सांगितलं, दोन चमचे, आणि वेलची पण टाक. म्हटलं, दोन दिवसांत साहेब बोंबलेल आणि मला परत बोलावतील. तिसऱ्या दिवशी काकाचा व्हॉइस मेसेज, "भाई, थँक्यू! बड़ा साब बोला, इतना साल में ऐसा चाय नहीं पिया."

ती रात्र मी भिंतीकडे तोंड करून काढली.

बायको कामाला जायला लागली आणि घरात मी आणि पोरगी. मला वाटलं होतं, बाळ म्हणजे काय, झोपतं, उठतं, पितं. आमची उठायची, आणि मग कुणालाच झोपू द्यायची नाही. मी तिला खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारायचो. खोली एवढीशी, त्यामुळे फेरी कसली, जागच्या जागी वळायचं. ती झोपली तरी मला बसवत नसे. भांडी घासून परत घासायचो. फोन उघडून काका ऑनलाइन आहे का बघायचो. ऑनलाइन असला तर वाटायचं, कुणाशी बोलतोय? नसला तर वाटायचं, एवढं काय काम करतोय?

साताऱ्याचा भाऊ ड्युटीवर जाताना रोज आवाज द्यायचा, "काय वहिनी, आज भाजी कसली?"

पहिल्यांदा मी शिवी दिली. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "भेंडी." 

आईचा फोन यायचा. "घरीच हायस? काढला काय रं तुला?"

"नाही गं आये, रजा आहे. पोरीसाठी."

"पोरीसाठी बापाला रजा?" आई जरा थांबायची आणि मग हळू आवाजात, "खरं सांग, मी कुणाला सांगायची न्हाय."

गावात दोनच दिवसांत झालं की मी बेकार आहे आणि बायको पोसते. मेव्हण्याने तर इलेक्ट्रिशियनच्या कामाची जाहिरात पाठवली. मला बल्ब बदलताना स्टूल धरायला माणूस लागतो.

त्यात पोरगी बाटली तोंडाला लावू देईना. सकाळी आईचं दूध काढून ठेवलेलं, मी कोमट करून धरायचो, ती माझ्याकडे असं बघायची जसा साहेब बिघडलेल्या कॉफीकडे बघतो. आणि तोंडातलं सगळं माझ्या शर्टावर. इथे कायद्याने आईला दूध पाजायला दिवसात एक तास मिळतो. मग आम्ही ठरवलं की साडेबाराला मी पोरीला घेऊन अल मनखूलला जायचं, बायको एक्स-रेच्या खोलीत बसून पाजणार. दवाखान्याच्या डॉक्टर सीरियाच्या, वयस्कर बाई. वाईट नाहीत, पण काटेकोर. त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "हबीबती, तास म्हणजे तास. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो."

रोज बस, मग मेट्रो, मग चालत. पहिले काही दिवस मी वेळेवर पोचलो. पण मेट्रो माझ्या ऑफिसच्या टॉवरसमोरून जाते. रोज खिडकीतून तो टॉवर दिसायचा आणि मागे जाईपर्यंत मी मान वळवून बघायचो. आत कोण काय पितंय कुणास ठाऊक.

एक दिवस राहवलं नाही. घरातून लवकर निघालो आणि मधेच उतरलो. म्हटलं, पाच मिनिटं. पोरगी सगळ्यांना दाखवायची, सहज पँट्रीत डोकावायचं, निघायचं. पोरगी पोटाशी बांधलेली, खांद्यावर डायपरची पिशवी, असा मी टॉवरच्या गेटवर गेलो आणि कार्ड लावलं.

लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. शर्टाला पुसून लावलं. लाल.

खालचा पठाण सिक्युरिटी रोज मला सलाम करणारा. तो स्क्रीनवर बघून म्हणाला, "भाई, तेरा कार्ड बंद है. कंपनी ने बंद किया."

झालं. मी म्हटलंच होतं की काहीतरी शिजतंय, बघा, कार्डच बंद. मी तिथे लॉबीत मार्बलवर बसलो. पोरगी पोटावर, ती पण रडायला लागली. मी पठाणाला म्हणालो की माझ्या पोरीची शपथ, मी चहात कधी नळाचं पाणी घातलं नाही. तो बिचारा म्हणाला, "मुझे क्यों बता रहा है?" सूटबूटवाले लोक वळसा घालून जात होते. कुणीतरी वर फोन केला आणि मॅडम खाली धावत आली.

"तू इथे काय करतोयस?"

मी हातातलं कार्ड दाखवलं.

मॅडमने कपाळाला हात लावला. "रजेवरच्या प्रत्येकाचं कार्ड आम्ही बंद करतो. म्हणजे त्याला कुणी कामाला बोलावू नये. माझं बाळ झालं तेव्हा माझं पण बंद केलं होतं."

"तुमचं पण?"

"आणि मी पण आले होते. दोनदा," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे नियम येऊन पुष्कळ वर्षं झाली. भीती अजून जात नाही."

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून तिला पोरगी दाखवत बसलो. नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे. पठाणाने पण बघितलं. तो म्हणाला, "माशाल्ला, बाप पे नहीं गई." वर मी मॅडमला विचारलंच की काकाचा चहा कसा आहे. पोरगी रडतच होती. मला वाटलं, एसीमुळे रडतेय. मग भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सव्वा वाजत आला होता.

टॅक्सीत बसलो. मीटर पळत होता, तीस दिरहम, म्हणजे सातशे रुपये, मी मोठ्याने बोललो तर ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. पोरगी मूठ चोखत होती. मूठ सोडून माझा शर्ट चोखायला लागली. माझ्यात काही नाही हे तिला दोन मिनिटांत कळलं आणि मग तिने जो सूर लावला! सिग्नलला बाजूच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून मला काहीतरी अरबीत सुनावलं. अर्थ कळला नाही, पण बरोबरच असणार.

बायको दवाखान्याच्या बिल्डिंगखाली रस्त्यावर उभी होती. उन्हात. युनिफॉर्म पुढून ओला झालेला, त्यावर ओढणी घट्ट धरलेली. मी वाट बघत होतो की आता ही ओरडणार. तिने फक्त पोरगी काढून घेतली आणि जिना चढायला लागली. मी मागे.

वर तिचा तास संपलेला. पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी पोरीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि बायकोला म्हणाल्या, "जा, पाज तिला. हा पेशंट ही घेईल." ही म्हणजे टेम्पररी. तिने ग्लोव्हज चढवले आणि आत गेली. बायको ते दार बंद होईपर्यंत बघत उभी राहिली. मग एक्स-रेच्या खोलीत गेली. मी बाहेर, दाराला टेकून.

पोरीचा आवाज बंद झाला. आतून बायको म्हणाली, "कुठे होतात?"

"ऑफिसात."

"कशाला?"

"नोकरी आहे का बघायला."



"आहे?"

"आहे."

"मग आता माझी पण बघा."

एवढंच. त्या दिवशी मला दुसरं काही जेवण लागलं नाही, तेवढंच पुरलं.

निघताना डॉक्टर दारात आल्या. माझ्याशी त्या पहिल्यांदाच बोलल्या. "उद्या वेळेवर?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नाही," त्या म्हणाल्या. "साडेबारा."

दुसऱ्या दिवशी मी अकरालाच तिथे. वाटेत मेट्रोतून टॉवर आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, बाजूच्या माणसाला वाटलं मी काहीतरी जप करतोय. वेटिंग रूममध्ये गाल धरून बसलेल्या लोकांमध्ये मी पोरीला घेऊन बसलो. बसलो म्हणजे उठलो, बसलो, मासिक उलटं धरलं, पाण्याच्या मशीनजवळ गेलो, तिथले वापरलेले कप उचलून कचऱ्यात टाकले, परत बसलो. आतून बायकोचा आवाज येत होता. ती काम करताना कशी बोलते ते मी कधी ऐकलंच नव्हतं. एकाला हिंदीत, 'मुँह बड़ा खोलिए', दुसऱ्या बाईला अरबीत काहीतरी गोड, डॉक्टरांना इंग्लिश. घरी माझ्याशी बोलते ती बाई वेगळी असणार.

साडेबाराला तिने पाजलं. तास भरायच्या आत पोरगी झोपली, बायकोने माझ्या खांद्यावर टाकली आणि ओढणी नीट करत उभी राहिली. टेम्पररी मुलगी आतल्या दारातच होती, ग्लोव्हज हातात. तेवढ्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली. बायकोचं नाव घेऊन.

हाक ऐकली आणि मी ताडकन उठून मोठ्याने म्हणालो, "येस मॅडम!" इतक्या वर्षांची सवय. सगळी वेटिंग रूम माझ्याकडे बघायला लागली. टेम्पररी मुलगी बाजूला सरकली. बायको माझ्यासमोरून आत गेली, हसू दाबत, आणि दार लागलं.

मी तसाच उभा. शेजारचा गाल सुजलेला माणूस माझा शर्ट ओढून म्हणाला, "बैठो भाई. आपका नंबर नहीं आया."

बसलो.