कंसातले बटलर

प्रेसमध्ये कागदाचं कटिंग रोज साचतं. ते रद्दीवाला घेऊन जातो. पण बाकड्यावर बसून लोक जे बोलून जातात, ते कोण नेणार? महाडात आमचा छापखाना वडिलांनी काढला, मी चालवला, आता मुलगा कॉम्प्युटरवर बसतो आणि मला फक्त प्रूफं वाचायला ठेवलंय. म्हणजे दिवसभर रिकामा. आणि रिकाम्या माणसाला आठवतं फार!

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमच्या महाड-पोलादपुरात एकेका गावात एकच आडनाव. सगळं गाव मोरे, नाहीतर सगळं गाव सकपाळ. त्यात नावंही तीच. मग लग्नपत्रिकेवर कुठला शांताराम हे कळायचं कसं? तर नावापुढे कंस टाकायचा आणि कंसात धंदा लिहायचा. श्री. अमुक तमुक मोरे (ड्रायव्हर). श्री. तमुक जाधव (फिटर). मुंबईला गेलेल्यांचे धंदे इंग्रजी, म्हणून कंसातले शब्दही इंग्रजी. अक्षरांचे खिळे जुळवून छापायचो त्या काळात आमच्याकडे सगळ्यात आधी कंसाचे खिळे झिजायचे. वडील म्हणायचे, "पहिल्या पिढीत धंदा, दुसऱ्या पिढीत कंस, तिसऱ्या पिढीत आडनाव." विनोद म्हणून म्हणायचे, पण तसंच झालं.

*

तुडीलचे उस्मानभाई ड्रायव्हर घ्या. त्यांच्या आजोबांनी म्हणे सावित्रीच्या काठानं पहिली सर्व्हिस मोटार चालवली. तेव्हापासून घर ड्रायव्हरांचं. उस्मानभाई आखातात वीस वर्षं स्टोअरकीपर होते, परत आले, घर बांधलं, गाडी घेतली. गाडी चालवतो जावई. कारण उस्मानभाईंना गाडी लागते! महाडच्या बाहेर पडलं की पिशवी हातात. एकदा आंबेनळी घाटात तीन वेळा गाडी थांबवली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं काळजीनं विचारलं, कोण आजारी आहे? जावई म्हणाला, "ड्रायव्हरना उलट्या होतायत." टेम्पोवाला स्टेअरिंगवर बसलेल्या जावयाकडे बघतच राहिला.

*

कंपाउंडरांचं त्याहून वरचं. आजोबा पोलादपुरात एका डॉक्टरांकडे औषधं कुटायचे. नातू महेंद्र भातशेती करतो, औषधाचा आणि त्याचा संबंध फक्त खतांपुरता. तरी वाडीतली म्हातारी माणसं अजून ताप आला की त्याच्या ओटीवर येऊन बसतात. तो बिचारा किती वेळा सांगणार? शेवटी कंटाळून म्हणतो, गरम पाणी प्या आणि दोन दिवस निजून राहा. आणि बरी होतात हो! मी विचारलं, हे कसं काय? तर म्हणतो, "आजोबांच्या हाताला गुण होता, माझ्या आडनावाला हाय."

*

फिटरांच्या मुलाचं लग्न जमत होतं. मुलगा डॉक्टर, चांगला शिकलेला. मुलीकडचे सुकट विकणारे साधे लोक. मध्यस्थानं घर सांगितलं फिटरांचं, म्हणून मुलीचे वडील खूश होऊन एमआयडीसीत चौकशी करत फिरले, परमनंट आहे का बघायला. बैठकीत खुलासा झाला की फिटर हे नुसतं नाव, मुलगा डॉक्टर आहे. मुलीचे वडील हिरमुसले. मग म्हणाले, "नाय, डॉक्टर पण चांगलाच. पण परमनंट असता तर बरं झालं असतं."

*

आता बटलर.

पोलादपूरच्या पुढे कापडे म्हणून गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक वाडी, तिथले हे सकपाळ. बुधाजी सकपाळ इंग्रजांच्या काळात वर महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते. टेबल लावायचं, वाढायचं, साहेब जेवेपर्यंत खुर्चीच्या मागे उभं राहायचं. साहेब गेला, बुधाजी डोंगर उतरून घरी आले आणि कुदळ हातात घेतली. पण नाव लागलं ते लागलंच. आज पुण्यात, मुंबईत, दुबईत कुठेही बटलर नावाचा मराठी माणूस भेटला तर खुशाल कापड्याची वाडी विचारा. एकालाही अंडं धड उकडता येत नाही!

बुधाजींचे चिरंजीव शांताराम गुरुजी. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं. पांढरं धोतर, बाराही महिने छत्री, खोटं बोललेलं खपत नाही. या माणसाला जगात एकाच गोष्टीचा राग, तो कंसाचा. पिढ्या शिकवल्या, तरी तालुक्यात नाव काय? बटलर गुरुजी. एकदा शाळा तपासायला नवे साहेब आले, नाव ऐकून हसले आणि म्हणाले, मग आज आमलेट मिळणार तर! गुरुजी शांतपणे म्हणाले, "मिळेल. आधी पोरांचे पाढे ऐकून घ्या." आणि एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत ऐकवले. साहेब आमलेट न खाताच गेले.

त्यांचं म्हणणं एकच होतं. माझ्या बापाला नाव होतं. ते घ्या.

*

म्हणून मुलाच्या, विजयच्या लग्नाच्या वेळी गुरुजी स्वतः पत्रिकेचं मॅटर घेऊन आले. मी तेव्हा नुकताच प्रेसवर बसायला लागलो होतो. श्री. शांताराम बुधाजी सकपाळ. बस. कंस नाही. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, गुरुजी, लोकांना कळणार नाही. गुरुजी म्हणाले, कळेल. नसेल कळत तर आता कळायला पाहिजे.

वडिलांनी छापली. मी स्वतः ती पत्रिका घेऊन लग्नाला गेलो.

मांडव केवढा! पाचशे पानांचं जेवण. वाटाण्याची भाजी, बुंदी, भाताची पातेली चुलीवरून उतरलेली. आणि माणसं साठ-सत्तर. तीही निम्मी नवरीकडची. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पहिली पंगत बसली आणि अर्धी रिकामी. गुरुजी फाट्याकडे बघत उभे. चेहऱ्यावर काही नाही, पण छत्री या हातातून त्या हातात चाललेली.

झालं होतं असं, की पत्रिका गावोगाव पोचल्या होत्या. लोकांनी वाचल्या. कुठचे हे सकपाळ? आपल्यातले नसतील. आणि घड्याळाच्या मागे खोचून ठेवल्या!

शेवटी गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, पुतण्याला बाजूला घेतलं. त्यानं मांडवाचा कर्णा जीपला बांधला आणि कापड्याच्या बाजारातून, आजूबाजूच्या वाड्यांतून ओरडत गेला, "बटलरकडचं लग्न हाय, जेवायला चला!" तासाभरात रस्ता भरला. माणसं शेतातून तशीच आली, पायाला माती. बायका म्हणत होत्या, अगो, बटलरकडचं होय! मग सांगायचं नाय का?

वाढपी कमी पडले, तेव्हा गुरुजींनी स्वतः बुंदीचं ताट उचललं. पंगतीतला एक म्हातारा, बुधाजींच्या बरोबरीचा, प्रेमानं म्हणाला, "शेवटी बटलरचाच पोर तो. वाढतो बग कसा."

गुरुजी वाढत राहिले. पण त्या दिवसानंतर कित्येक वर्षं ते प्रेसची पायरी चढले नाहीत. मला फार वाईट वाटायचं. चूक आमची नव्हती, तरी वाटायचं.

*

मध्ये एक गंमत झाली. विजयचा चुलतभाऊ प्रकाश फेसबुकवर बटलर नाव लावतो, त्याला इंग्लंडातल्या कुणा बटलरचा मेसेज आला. तो आपल्या घराण्याची वंशावळ लावत होता. त्यानं लिहिलं होतं, आमचा एक पूर्वज कुणा जमीनदाराच्या दारूचं कोठार सांभाळायचा, त्यावरून हे आडनाव पडलं, आता जगभर पसरलंय. आपण नातेवाईक आहोत का? प्रकाश मोबाईल घेऊन माझ्याकडे, काका, उत्तर काय देऊ? मी म्हटलं, तूच ठरव. त्यानं माझ्या मुलाकडून इंग्रजीत लिहून घेतलं, "चुलत असू. मे महिन्यात या, आंबे असतात."

सगळ्या वाडीत हशा. गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की त्या कोठारवाल्या पूर्वजाचं नाव त्या साहेबाला ठाऊक आहे का? प्रकाशनं बघून सांगितलं, हो, थॉमस. गुरुजींनी मान हलवली आणि आत गेले. हे मला प्रकाशनं सांगितलं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

विजयचा मुलगा सिद्धार्थ. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. ऑफिसात सगळे त्याला बटलर म्हणतात आणि त्याला ते जाम आवडतं. हल्ली प्रेसमध्ये आम्ही ऑनलाइन फॉर्मही भरून देतो, म्हणून तो मागच्या वर्षी माझ्याकडे आला, सरकारी गॅझेटमध्ये नाव बदलायचा फॉर्म भरून द्या म्हणाला. सकपाळ काढायचं आणि बटलर लावायचं. कायदेशीर! कंस नाही, काही नाही.

मला घाम फुटला. गुरुजी ब्याऐंशी पार केलेले. हे त्यांना कळलं तर? मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. पुढच्या शनिवारी आला, तरी सर्व्हर डाऊन. तिसऱ्या शनिवारी पोरगा म्हणाला, काका, तुमचा सर्व्हर डाऊन आहे की तुम्ही? शेवटी त्यानं घरी स्वतःच सांगितलं, आणि आजोबांनी नातवाशी बोलणं टाकलं. लहानपणी ज्याला खांद्यावर घेऊन बाजार दाखवला, त्याच्याशी. काकी असत्या तर काही मार्ग काढला असता, पण त्या गेल्याला चार वर्षं झाली.

*

आणि यंदा सिद्धार्थचंच लग्न ठरलं.

मॅटर व्हॉट्सॲपवर आलं. हल्ली सगळं तसंच येतं, चुकांसकट. चि. सिद्धार्थ बटलर. मुलानं जुळवलं, प्रूफ काढलं. सिद्धार्थ बघायला आला, बाकड्यावर बसला, आणि तेवढ्यात दारात छत्री दिसली. गुरुजी! इतक्या वर्षांनी. मी उठून हात द्यायला गेलो तर म्हणाले, चढता येतं मला.

बसले. नातवाकडे न बघता खिशातून मेणकापडाची घडी काढली. आत एक जुना कागद, घड्यांवर फाटत आलेला. साहेबानं जाताना बुधाजींना दिलेली चिठ्ठी. म्हणाले, इंग्रजी चांगलं आहे ना तुझं? वाच.

सिद्धार्थनं वाचली, आणि मला कळावी म्हणून मराठीत सांगितली. हा माझा बटलर. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. प्रामाणिक, स्वच्छ, दारूला शिवत नाही. पुडिंग उत्तम करतो. याला सोडून मायदेशी जावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. खाली साहेबाची सही.

पोरगा हरखून गेला. म्हणाला, आजोबा, भारी आहे हे! फ्रेम करू, हॉलच्या दाराशी लावू.

गुरुजी म्हणाले, "नाव वाच."

"कुणाचं?"

गुरुजींनी कागदाकडे बोट दाखवलं. सिद्धार्थनं पुन्हा वरपासून वाचली. कागद उलटा केला. मागे कोरा.

"यात पणजोबांचं नाव कुठाय?"

"सातवीत इंग्रजी वाचायला लागलो, तेव्हापासून शोधतोय," गुरुजी म्हणाले.

मशीन चालू होतं, माझ्या मुलानं ते बंद केलं. गुरुजी चिठ्ठीची घडी घालत, अगदी शाळेत सांगावं तसं सांगू लागले. बाबांना वाचता येत नव्हतं. पण चिठ्ठीचा फार अभिमान. मला वाचायला येतं कळल्यावर त्यांनी भावकी बोलावली, ओटीवर घोंगडी टाकली आणि मला मध्ये उभं केलं. साहेबानं काय लिवलंय ते मराठीत सांग म्हणाले. मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला अडलो. सगळे बघत होते. मग मी वाचलं, हा माझा बटलर, बुधाजी रामजी सकपाळ.

गुरुजींनी घडी मेणकापडात ठेवली. मग म्हणाले, "बाबा उठून उभे राहिले. भावकीला म्हणाले, बगा, साहेबानं बापासकट नाव लिवलंय. मरेस्तोवर सांगत होते."

मी उगाच चष्मा पुसला. सिद्धार्थनं माझ्या खिशातलं पेन घेतलं, प्रूफ ओढलं आणि आपलं नाव खोडलं. वर लिहिलं, सिद्धार्थ विजय शांताराम बुधाजी रामजी सकपाळ. आणि पुढे, सवयीनं, (बटलर). मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं हळूच आजोबांकडे बघितलं आणि कंसावर पेन टेकवलं.

मला तर सुटल्यासारखं झालं. मी घाईघाईनं म्हटलं, हो हो, काढूच तो, तसंही एवढं एका ओळीत बसत नाही.

गुरुजींनी प्रूफ हातात घेतलं. लांब धरून वाचलं. बोट एकेका नावावर ठेवत, सावकाश, पोरं वाचतात तसं. शेवटी कंसापाशी आले आणि तिथे बराच वेळ बोट ठेवलं.

"कंस राहू दे. दोन ओळी कर," ते म्हणाले. "जेवण पाचशे माणसांचं सांगितलंय."