टेलरने कापलेली टाकी

आमचे जावई टेलर आहेत, आणि टेलर म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नाही. गळ्यात टेप पडली की हा माणूस देव. पण टेपेच्या जागी हातात करवत आली की काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. सासू आहे मी, गप्प कशी बसू?

माझ्या ह्यांनी पाळलेला एक सोनमासा आहे. अकरा वर्षांचा, वीतभर लांब, पोट सुटलेलं. वर्गावर्गांतून फेरी मारावी तसा दिवसभर टाकीत फिरतो, म्हणून ह्यांनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. हे गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी लेकीकडे राहते, आणि माझ्याबरोबर हेडमास्तरही. त्याचं पाणी दर रविवारी बदलावं लागतं, चांगल्या चार-पाच बादल्या. यंदा माझ्या गुडघ्यांनी हात टेकले.

लेक नर्स आहे, तिला लाडीगोडी जमत नाही. "आई, तू बादलीसकट पडलीस तर मी तुला उचलू की माशाला?" असं म्हणून तिने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तो येऊन हेडमास्तरला घेऊन जाणार, असं ठरलं. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे गेल्यापासून सकाळी उठल्यावर मी पहिलं बोलते ते त्या माशाशी.

जावई तिथेच शर्टाला बटणं लावत बसले होते. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची जुनी ॲक्रिलिकची टाकी खांद्यावर मारून आले. "आई, हा सम्प." म्हणजे मोठ्या टाकीच्या खाली ठेवायची दुसरी टाकी. वरचं पाणी पाईपने हिच्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हिला तळाशी तोटी बसवली की घाण पाणी नळीने थेट न्हाणीत. चांगलं पाणीही नळीनेच आत. बादलीला हात लावायला नको. अडचण एकच होती, आतला आडवा पडदा, म्हणजे पाणी अडवणारी मधली भिंत, फार उंच होता. वीज गेली की वरचं पाणी खाली धावणार, त्याला रिकामी जागा हवी. नाहीतर घरात तळं.

जुना पडदा त्यांनी हातकरवतीने कापून काढला. नवा बसवायचा तर आतली रुंदी बरोबर बारा इंच. जावईबापूंनी तीनदा मोजलं, खडूने रेघ मारली आणि कापला तेरा इंच!

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया ठेवली, आई. पुढेमागे घट्ट झालं तर उसवून..." आणि मग त्यांचे त्यांनाच शब्द ऐकू आले. टाकीला काय बाळसं येणार होतं? लेक हसून हसून भिंतीला टेकली.

मग सुताराकडून विजेची करवत आणली. ती जोरात सोडली की पुढे कापायची आणि मागे वितळलेलं प्लास्टिक पुन्हा चिकटायचं. "कापड निदान कापलं की कापलेलं राहतं," जावई करवादले. शेवटी सुतार स्वतः येऊन म्हणाला, "हळू हो, हळू. शिलाई मशीन चालवताय असं समजा." तेव्हा कुठे रेघ सरळ गेली. मग पुढचे दोन दिवस कानशीने घासणं. घरभर पांढरा भुगा! एका वकिलाचा काळा कोट टांगला होता, तो पाहून वाटावं, वकीलसाहेब कोर्टात नाही, पिठाच्या गिरणीत कामाला आहेत.

तोटीसाठी भोक पाडताना मात्र ते ड्रिल टेकवायचे आणि पुन्हा उचलायचे. मी म्हटलं, "काज करताय असं समजा."

"काज चुकलं तर रफू होतं, आई. याला तडा गेला की संपलं."

पण भोक स्वच्छ पडलं. सांध्यांत चिकटवायचं पातळ औषध सोडलं आणि वजन म्हणून वर दोन थंड इस्त्र्या ठेवल्या. त्या दिवशी गिऱ्हाइकांचे कपडे चुरगळलेलेच घरी गेले.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. पाणी भरलं, पंप चालू केला, हेडमास्तर वर फेऱ्या मारू लागले. आता वीज बंद करून बघायचं. लेक घरातली सगळी फडकी घेऊन उभी. पाणी सांडलं तर उद्या मासा जाणार, हे कुणी कुणाला सांगायला नको होतं.

"स्विच तुम्ही बंद करा, आई," जावई म्हणाले.

मी केला. वरचं पाणी भडाभडा खाली यायला लागलं. चढतंय, चढतंय, थांबायचं नाव नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. काठ दोन बोटांवर आला आणि पाणी थांबलं. फरशी कोरडी ठणठणीत. लेकीने नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

मी लगेच दुकानदाराला फोन लावला. "भाऊ, उद्या येऊ नका बरं का."

"उद्या? मावशी, तुमच्या जावयांनी मला केव्हाच नको म्हणून सांगितलं. तुमच्या मुलीचा फोन आला ना, त्याच संध्याकाळी."

त्याच संध्याकाळी! म्हणजे अजून टाकी घरात आली नव्हती, तेव्हा.

जावई खाली बसून नळ्या गुंडाळत होते. मी विचारलं, "आणि हे जमलं नसतं तर?"

"तर बादल्या मी उचलल्या असत्या."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही जावयाला बादली उचलू दिली असती?"

नसती दिली. जीव गेला तरी नसती दिली. पण रोज सकाळी मी त्या माशाचा निरोप घेत होते, आणि हा माणूस शेजारी बसून कानस घासत होता! मला इतका राग आला की रडूच फुटलं.

"अरे गाढवा," मी म्हटलं. बारा वर्षांत जावयाला पहिल्यांदाच मी अरे म्हटलं.