जुमाचा मायक्रोस्कोप

देवाशप्पथ सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे जुमा खरा, मायक्रोस्कोप खरा. मधलं थोडंफार मी हाताने बसवलंय. युनिव्हर्सिटीच्या प्राणिशास्त्र विभागात निम्मं आयुष्य शिकवण्यात गेलं. तिथे किस्से साचतात ते फॉर्मॅलिनमधल्या बेडकांसारखे. कुणी बघत नाही, कुणी फेकतही नाही!

*

जुमा टांझानियाहून एम.एस्सी.ला आला. विश्रांतवाडीत खोली घेतली आणि घरमालकीणबाईंकडून असं मराठी उचललं की रिक्षावाले मुकाट मीटर टाकायचे!

विभागात धड चालणारा मायक्रोस्कोप एकच. त्याच्यासमोर ही रांग! मागून ओरडा, "ए, आटप ना!" जुमाचा नंबर येईपर्यंत तास संपायचा.

शेवटी शेवटी मी विचारलं, "काय रे, अमीबा पाहिलास का एकदा तरी?"

"नाही सर. पण पुढच्या मुलाच्या मानेवरचा तीळ मला पाठ आहे."

*

तरी एम.एस्सी. संपवून निघताना त्याने आम्हाला वाकून नमस्कार केला. "या विभागाने मला घडवलं," म्हणाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतका मोठा आरोप आमच्यावर आजवर कुणी केला नव्हता!

आभार म्हणून त्याने आईच्या पद्धतीचा पातेलंभर पिलाव केला, सगळ्या विभागासाठी. नेमकी संकष्टी, सगळ्यांचा उपवास! विभागप्रमुख जोशीबाईंनी लांबूनच पातेल्याला हात जोडले. "जुमा, भावना पोचल्या हो!"

पातेलं तसंच विश्रांतवाडीला परत गेलं. मीटरने.

*

पुढे त्याला मायदेशी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिथून खास आमच्या वार्षिक समारंभाला आला, चारचौघांत आभाराचे दोन शब्द बोलायला. प्रमुख पाहुण्यांनी आपलं चरित्र जन्मापासून सुरू केलं. ते संपल्यावर सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आभारप्रदर्शन झालं असं समजावं."

जुमा बोलायला उठला होता. तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं, म्हणून तो एकटाच उभा होता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

मग त्याने मायक्रोस्कोपच पाठवला. नवा कोरा! निरोप एवढाच, "सर, पोरांना निवांत डोळा लावू द्या. मागून कुणी ओरडू नका."

"पोरांच्या हाती? मोडून ठेवतील!" जोशीबाई म्हणाल्या. मायक्रोस्कोप काचेच्या कपाटात गेला आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. वर्षातून एकदा, खंडेनवमीला शस्त्रपूजन म्हणून बाहेर यायचा. हळद, कुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात पेढा. की परत कुलूप! पोरं पुन्हा जुन्यासमोर रांगेत.

मी किल्ली मागून पाहिली. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही नेलेला स्टेपलर अजून परत यायचाय."

*

गेल्या खंडेनवमीला जुमा न कळवता दारात हजर! समोर टेबलावर हार घातलेला त्याचा मायक्रोस्कोप, डोळा लावायच्या भिंगावर कुंकवाचं बोट. त्याने जवळच्या मुलीला विचारलं, "काय काय पाहिलंस यात?"

"अय्या, आत नाही पाहिलं सर! पण दरवर्षी नमस्कार करतो. इतकं प्रसन्न वाटतं!"

जुमा कडाडला, "अहो, यंत्र आहे ते!" त्याने हार काढून फेकला, भिंग पुसलं आणि एकेका पोराला जवळ बोलावून अमीबा दाखवला. त्या दिवशी कुणी कुणाला ढकललं नाही.

*

हे कडाडण्यापासून पुढचं तेवढं मी रचलं.

खरा जुमा टेबलापाशी गेला. त्याने रुमाल काढला, पण भिंग पुसलं नाही. स्वतःचे डोळे पुसले. मग बाईंना अगदी हळू म्हणाला, "मॅडम, चूक माझीच झाली. एकच पाठवला. आता दुसरा पाठवतो, फक्त पोरांसाठी."

दिवाळीनंतर दुसरा मायक्रोस्कोप आला. बाईंनी स्वतःच्या हाताने कपाटात पहिल्याच्या शेजारी ठेवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, "जोडी कशी शोभून दिसते, नाही?"