अ‍ॅम्प लागतोच!

"हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प लागतोच. का, ते विचारायचं नाही. विचारायचं असेल तर काउंटर सोडायचं!"

भिंगारला काकांच्या साउंडच्या दुकानात बसायला लागले, त्या पहिल्याच दिवशी मला हा नियम मिळाला. अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आवाज वाढवणारा डबा. मी इलेक्ट्रॉनिक्सची बीएस्सी. न विचारता राहणार कशी? त्यामुळे दोन वर्षांत किस्से इतके साचलेत की ठेवायला अ‍ॅम्पचे रिकामे खोके पुरणार नाहीत.

*

काकांनी एका मास्तरांना आधी नुसत्या मोबाईलवर गाणं ऐकवलं, मग अ‍ॅम्पवर.

"कळला फरक?"

"जबरदस्त!"

मी पिन परत मोबाईलला लावली आणि आवाज अ‍ॅम्पइतकाच मोठा केला. "आणि आता, सर?"

मास्तर म्हणाले, "हा अ‍ॅम्प आणखी भारी आहे. केवढ्याला?"

*

मागच्या टेबलावर शब्बीरचाचा रिपेअरिंग करतात. काका जेवायला गेलेले बघून मी विचारलं, "चाचा, खरं सांगा, अ‍ॅम्प लागतो का?"

चाचांनी चष्मा पुसला. "बेटा, तुझ्या काकांसमोर लागतो."

*

खोटं कशाला बोलू, कधीकधी लागतोही. काकांचे मित्र सुभेदार रोज सकाळी चहाला येतात. त्यांच्या मुलाने परदेशातून स्टुडिओचा हेडफोन पाठवला, तीनशे ओहमचा, म्हणजे मोबाईलच्या ताकदीत न भागणारा. मोबाईलवर त्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज! मीच अ‍ॅम्प जोडून दिला.

काका खूश. "आता पटलं?"

"याला लागतो, काका. म्हणून सगळ्या पेशंटना एकच गोळी?"

"डॉक्टर देतातच की!"

*

एकदा एक बाई ब्लूटूथचा हेडफोन घेऊन आल्या. काकांनी सवयीने अ‍ॅम्प काढला.

"काका, याला वायरच नाही!"

"मग आधी वायर दाखव त्यांना."

*

गिऱ्हाईक अडलं की काका सुभेदारांच्या कानाला हेडफोन लावतात. सुभेदार डोळे मिटून मान डोलावतात आणि अ‍ॅम्प खपतो. सुभेदारांचं आयुष्य तोफांशेजारी गेलंय. त्यांना बोलवायचं तर खांद्यावर हात ठेवावा लागतो.

परवा सुप्याहून एक ताई आल्या. कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. साधा हेडफोन निवडला. "पोरीला नर्सिंगचं लेक्चर ऐकायचंय मोबाईलवर. त्याला ह्यो डबा बी लागतो व्हय?"

"लागतोच, ताई." काकांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुभेदार, जरा ऐकून सांगा!"

सुभेदारांनी हेडफोन चढवला. डोळे मिटले. मान डोलू लागली. "वा! अ‍ॅम्पमुळे आवाज काय खुललाय!"

ताईंनी पर्स उघडली.

"सांग त्यांना अ‍ॅम्प लागतो म्हणून," काका माझ्याकडे वळले. "नाहीतर ऊठ काउंटरवरून."

"नाही सांगणार. उठवा मला!"

आणि हेडफोनची पिन मी वर धरली. ती अजून कशातच लावलेली नव्हती.

चाचांच्या हातातली सोल्डरिंग गन तशीच हवेत.

सुभेदारांची मान मात्र अजून डोलत होती.