खाली दम धरायचा नसतो

मूर्तीचा डोळा आखताना श्वास घ्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात ज्याच्या हातात कुंचला येतो त्याला ते आपोआप जमतं. छाती भरून घ्यायची, दम धरायचा, वरच्या पापणीची रेघ ओढायची, खालची ओढायची, बुबुळ टेकवायचं आणि मगच श्वास सोडायचा. मध्येच श्वास हलला तर रेघ हलते, आणि रेघ हलली की गणपती तिरळा. मी वीसेक वर्षं डोळे आखते आहे आणि माझा एका दमात एकच डोळा होतो. माझ्या मोठ्या भावाचे दोन्ही व्हायचे. मी त्याच्यावर जळायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गणपती संपले की कारखान्यात काम बसतं, म्हणून भाऊ तेवढे महिने धरमतरच्या खाडीत बार्जवर कामाला जायचा. एका दुपारी बार्जवरून जेट्टीवर पाय टाकताना तो घसरला आणि मधल्या फटीतून खाली गेला. पाच-सहा जणांनी डोळ्यांदेखत पाहिलं. चार दिवस होड्या फिरल्या, जाळी टाकली, गळ टाकले. काही हाती लागलं नाही. आई किनाऱ्यावर बसून एकच सांगत होती, "त्याचा दम मोठा हाय. येईल वर."

त्या दिवशी ते ऐकून आम्ही सगळे रडलो. पण नऊ वर्षांनीही ती तेच, त्याच आवाजात सांगत होती आणि तोवर आम्हाला तिची भीती वाटायला लागली होती. भटजींनी सांगितलं होतं, देह मिळाला नसला तरी गवताचा पुतळा करून क्रिया करता येते. आई अशी काही उसळली! "अख्ख्या गावाला देव करून देणारं घर आपलं, आणि माझ्या लेकाचा गवताचा पुतळा? नाय. तो हाय." विषय संपला.

बाबा गेल्यावर तर ती जोह्याला राहिलीच नाही. खारेपाटात माहेरी, मामाकडे गेली. मामाचं घर खाडीच्या बांधाला लागूनच. भरती लागली की ती बांधावर जाऊन उभी राहायची, ओहोटी लागली की परत यायची. गावानेही ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. मग एका श्रावणात मामाला ती बांधाच्या पलीकडे कमरेइतक्या पाण्यात सापडली. लुगडं फुगून भोवती तरंगत होतं आणि ही खाली बघत उभी. मामाने ओढून बाहेर काढलं तर उलट त्यालाच चिडून म्हणाली, "कमरेपर्यंत काय दिसतंय? पुरतं खाली जाऊन बघायला पायजे." तेव्हापासून भरतीच्या वेळी मामा दाराला बाहेरून कडी घालायचा. पण कडी किती दिवस पुरणार? भरती दिवसातून दोनदा येते.

माझा नवरा रोह्याला एका कंपनीत आहे. त्याच्या शिफ्टमधल्या मित्रांनी अंदमानची सहल काढली. आणि तिथे म्हणे बेटावर पाण्याखाली नेतात, पाठीवर हवेची टाकी बांधून, पोहता येत नसलं तरी चालतं. मी स्पष्ट सांगितलं, "मला पाण्याचं नाव काढू नका. तुम्हाला जायचं तर जा, मासे बघा, शार्क बघा, मी इथेच बरी." आणि आईला तेच सांगायला गेले, की मी काही जात नाही, तुझ्याकडेच येऊन राहते.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा गो तू. टीव्हीवर दाखवतात, खाली नेतात ते. बघून ये खाली कसं असतं. आणि मला येऊन सांग." ती म्हणाली, "तू नाय गेलीस तर मलाच जावं लागेल."

झालं. मी गेले.

बेट सुंदरच होतं, त्याला नावं ठेवत नाही. नारळ, पांढरी वाळू, काचेसारखं पाणी. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं, तळहात बुडवला तरी बोटं दिसत नाहीत. इथे आठ हात खालचा खेकडा चालताना दिसत होता, आणि मला ते बघवत नव्हतं. बाकीच्या बायका रबरी कपडे चढवताना खिदळत होत्या, फोटो काढत होत्या. माझा नवरा त्या कपड्यांत अगदी चिंबोरीसारखा दिसत होता. एरवी मी हसून हसून लोळले असते.

शिकवणारा पन्नाशीचा, काळासावळा, तिथेच जन्मलेला तमिळ माणूस. हिंदीत बोलायचा. गुडघाभर पाण्यात बसवून त्याने तोंडातल्या नळीने श्वास घ्यायला शिकवलं, चष्म्यात पाणी शिरलं तर कसं बाहेर काढायचं ते, कान दुखले तर नाक दाबून हळूच हवा कशी फुंकायची ते. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. आणि मग बोट नाचवत म्हणाला, "दीदी, सब भूल जाना, एक बात नहीं भूलना. साँस रोकना नहीं." दम धरला की छाती फुगलेली राहते, माणूस आपोआप वर तरंगायला लागतो, आणि वर जाता जाता आतली हवा फुगून छाती फाटू शकते. मी मान डोलावली. श्वास घेत राहायचा, त्यात काय एवढं?

खाली गेलो. सुरुवातीला माझी टाकी त्याने मागून धरली होती. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. आपलाच श्वास एवढा मोठा, की शेजारी कुणीतरी झोपलंय असं वाटतं. मी दोनदा वळून पाहिलं. मासे होते, पिवळे, निळे, पण माझं तिकडे लक्षच लागेना.

मग तो दगड समोर आला. प्रवाळाचा गोलसर दगड, आमच्या तीन फुटी मूर्तीच्या डोक्याएवढा. कपाळ, गाल, आणि डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत खाचा. डोळे न आखलेल्या मूर्तींच्या रांगेत मी लहानाची मोठी झाले, जेवले, झोपले, कधी घाबरले नाही. इथे मात्र अंगावर सर्रकन काटा आला. कारण माझा हात आपोआप वर गेला होता. रेघ कुठून सुरू करायची ते मी ठरवत होते. आणि आमच्यात म्हणतात, डोळे आखले की मूर्ती बघायला लागते.

मी दम धरला होता. कळलंसुद्धा नाही. आवाज एकदम थांबला आणि त्या शांततेत चहूबाजूंनी तडतड ऐकू यायला लागली, दूर कुठेतरी लाह्या फुटाव्यात तशी. मी पाय हलवला नव्हता, तरी दगड खाली खाली चालला होता. म्हणजे मीच वर चालले होते. शिक्षकाने घोटा पकडून खाली ओढलं, माझ्या नळीकडे बोट दाखवलं, डोळे वटारले. मी श्वास सोडला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा ओढलं.

तिसऱ्यांदा मात्र मी मुद्दाम केलं. त्याने आता माझी टाकी घट्ट धरून ठेवली होती, वर जायची भीती नव्हती. म्हटलं, आता बघूच. त्या खाचेसमोर हात धरला आणि मनात आखायला लागले. पहिला डोळा. वरची पापणी, खालची, बुबुळ. छाती जळायला लागली. दुसरा डोळा. वरची पापणी अर्ध्यावर आली असेल नसेल, माझ्या तोंडाने श्वास घेतला. मी नाही घेतला. मी नको नको म्हणत होते आणि छातीने ऐकलं नाही. नळीत हवा होती म्हणून हवा आली.

तेव्हा मला भाऊ दिसला असं मी म्हणणार नाही. पण एवढं खरं, की शिक्षकाने 'वर चला' म्हणून अंगठा दाखवला आणि मी मान हलवून नाही म्हटलं. इतकं बरं वाटत होतं तिथे. वजन नाही, कुणी हाक मारत नाही. त्याने अक्षरशः दंडाला धरून वर आणलं. हे मी नवऱ्याला आजवर सांगितलेलं नाही.

होडीत नवरा खुशीत होता. त्याने माशांचा व्हिडिओ काढून घेतला होता. म्हणाला, "आईंना हा दाखव. सांग, खाली असं छान असतं, उजेड असतो. बिचारीला समाधान वाटेल." मीही आधी तेच ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण खाली किती बरं वाटतं हे मला आता माहीत होतं. आईला ते सांगितलं तर पुढच्या भरतीला ती कडी तोडून गेली असती.

परत आल्यावर तो व्हिडिओ असलेला मोबाईल रोह्याला घरीच ठेवला आणि एसटीने पेण गाठलं, तिथून मामाकडे. मामा ओटीवर बसला होता. आई आत, पाय पसरून. मला बघताच म्हणाली, "गेलीस खाली?"

"गेले."

"दिसलं?"

"आई, मी खाली दम धरून बघितला. दुसरा डोळा पुरा नाय झाला गो. अर्ध्या पापणीवर सुटला."

तिचं आयुष्य कारखान्यात गेलेलं. तिला आणखी काही समजावून सांगायला लागलं नाही. तिने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "त्याचे दोन व्हायचे."

"बसून व्हायचे, आई. पोटभर जेवून, पंख्याखाली. खाली नाय होत. आपण नाय म्हटलं तरी तोंड उघडतं."

"म्हणजे तवाच? त्याच दुपारी?"

"व्हय. होड्या निघायच्या आधीच."

ती रडली नाही. मीच हमसाहमशी रडले, नऊ वर्षांचं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर मामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "करा काय तो गवताचा पुतळा. भटजीला बोलवा." माझा जीव भांड्यात पडला. मामा उठून उभाच राहिला, आणि चप्पल घालून तसाच भटजीकडे गेला.

तो गेल्याची खात्री करून आई माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "मग गो, मी बांधावरून हाक मारते तवा ओ कोण देतो?"

मी तिचा हात धरून बसले. तो आणखी काय म्हणतो, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.